कच्चा मासा आणि खानदेशची चूल

तापीकांठच्या सावळदा या गांवावरून पुराणवस्तुसंशोधकांनीं एका प्राचीन संस्कृतीला नांव दिलें आहे. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं खानदेशांत शेती करून राहणाऱ्या या लोकांचीं खापरें उत्खननांत सांपडलीं. धुळें जिल्ह्यांतील कवठें येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केलेल्या उत्खननानें त्यांच्या राहणीची पुष्कळ माहिती उजेडांत आणली. या खापरांवरील चित्रांत बाणांचीं अग्रें आहेत, आंकडेदार हत्यारें आहेत, पशुपक्षी आहेत, आणि मासेहि आहेत. ज्या प्रांताचें नांव काढतांच आज भरीत, शेवेची भाजी आणि कळण्याची भाकरी आठवते, त्या प्रांताची माशाशीं असलेली ओळख अशी फार जुनी आहे. मराठींत मासा म्हटला कीं कोंकण आणि गोमंतक डोळ्यांपुढें येतात. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्यांच्या माशाला आमच्या खाद्येतिहासांत फारसें कोणी विचारीत नाहीं. आज तो विचारण्यास एक निमित्त झालें आहे, आणि तें निमित्त मोठें चमत्कारिक आहे.

जळगांव आणि धुळें येथील सुशिक्षित घरांत अलीकडे कच्च्या माशाचे पदार्थ करून पाहण्याची हौस निर्माण झाली आहे. मुलें पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं राहून येतात. तेथें त्यांनीं जपानी सुशी खाल्लेली असते, आणि तिची गोडी घेऊन तीं घरीं परततात. समुद्रशेवाळाचे वाळविलेले ताव आणि तांदळाचा शिरका टपालानें घरपोंच येतो. राहतां राहिला मासा. त्याविषयीं घरांत दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, कच्चें मांस खाणें ही रानटी रीत. नातू म्हणतो, मासा ताजा असला म्हणजे झालें, मग तो नदीचा असो कीं समुद्राचा. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. मात्र आजीच्या चुकीनें कोणाचें पोट बिघडत नाहीं; नातवाच्या चुकीनें बिघडूं शकतें. या वादाचा निकाल पाकशास्त्राच्या पुस्तकापेक्षां इतिहासांत अधिक सांपडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम आपल्याकडील जुनी साक्ष पाहूं. चरकसंहितेंत माशांमध्यें रोहिताला श्रेष्ठ मानलें आहे, आणि मासा व दूध हें मिश्रण विरुद्ध ठरविलें आहे. खाण्याचा इतका बारकाईनें विचार करणारी ही परंपरा अग्नीला केवढें महत्त्व देते तें सांगावयास नको. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्या काळीं खानदेश-नाशिककडील सेऊण यादव हे चालुक्यांचे मांडलिक होते, म्हणून या ग्रंथाला आमच्या प्रांताचीहि साक्ष मानण्यास हरकत नसावी. त्यांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. गळानें मासे धरण्याची राजाची करमणूक, माशांच्या जाति, कोणत्या माशाला कोणतें खाद्य रुचतें, हें सारें त्यांत इतकें तपशिलानें येतें कीं मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्याचा शास्त्रीय दृष्टीनें अभ्यास करून निबंध लिहिला. त्याच ग्रंथाच्या अन्नभोगांत राजाच्या पानांत येणारा मासा मात्र तुकडे करून, धुवून, चिंचेच्या रसांत शिजवून किंवा तेलांत तळून येतो. ज्या राजाला मासा जिवंत पाहण्याची एवढी हौस, त्याच्याहि ताटांत मासा चुलीवरूनच जातो.

कच्चें खाण्याचा आम्हांस तिटकारा आहे असें मात्र कोणी समजूं नये. कोशिंबीर हा मराठी पानाचा मानाचा पदार्थ. काकडी, मुळा, कांदा हे मिठालिंबाच्या जोरावर आम्ही कच्चेच खातों. कोंकणांत सुकटाचीहि कोशिंबीर होते; गोमंतकांत तिला किसमूर म्हणतात. पण तींतली गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. सुकट आधींच उन्हांत वाळलेलें असतें, तरी तें तव्यावर खमंग भाजल्याशिवाय कांदा-खोबऱ्यांत पडत नाहीं. दाराशीं समुद्र असलेला कोळी किंवा गांवकार ज्या माशाला कच्चा हात लावीत नाहीं, तो समुद्रापासून दोनअडीचशें मैलांवरचा खानदेशी माणूस कसा लावील?

आतां खानदेशच्या नदीकडे वळूं. तापी मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. चांगदेवाजवळ पूर्णा तिला भेटते, पुढें गिरणा, मग मुडावदला पांझरा. उन्हाळ्यांत या उपनद्यांचें पात्र वाळूचें होतें आणि पाणी डोहांत सांठून राहतें. त्या डोहांचें राज्य भोयांचें आणि भिल्लांचें. भोई पावसाळ्यानंतर जाळें टाकी, पूर्वीं पालखीला खांदा देई, आणि उन्हाळ्यांत वाळूंत डांगरें-खरबुजें लावी. एकाच नदीवर त्याचे तीन धंदे चालत. मरळ, वांब, शिंगटी, झिंगे, खेकडे हें त्याच्या टोपलींतलें धन. हे मासे बहुधा तळचिखलांत, सांठलेल्या पाण्यांत राहणारे. मरळ तर हवेंत श्वास घेऊं शकते, म्हणून ओल्या गोणपाटांत गुंडाळली तरी बाजार होईपर्यंत जिवंत राहते. ताजेपणाची याहून मोठी कसोटी कोणती? आणि तरीहि अशी जिवंत आणलेली मरळ खानदेशांत कोणीं कच्ची खाल्ली नाहीं. कांदा-खोबरें विस्तवावर काळें होईपर्यंत भाजून, त्यांत काळा मसाला घालून, तिला चांगली उकळी दिली जाते. वरवर पाहतां ही चवीची बाब वाटते; पण त्या उकळींत चवीखेरीज आणखीहि कांहीं आहे.

तें काय, हें दुसऱ्या एका देशाच्या उदाहरणावरून समजतें. थायलंडच्या ईशान्य भागांत नदी-तळ्यांतले लहान मासे कच्चेच कापून, लिंबू, मिरची आणि सुगंधी पाला घालून खाण्याची जुनी चाल आहे. मासा ताजा असतो; बहुधा त्याच दिवशीं धरलेला. पण त्या माशांच्या मांसांत यकृतांत वाढणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या असतात. लिंबाच्या आंबटपणानें मांस पांढरें पडतें, शिजल्यासारखें दिसतें. अळ्या मात्र मरत नाहींत. वर्षानुवर्षें हें खाणाऱ्यांच्या पित्तनलिकेंत कृमि घर करितात, आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. खोन केन प्रांतांत या रोगाचें प्रमाण जगांत अत्यंत मोठें आढळलें, आणि १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें या कृमीची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. तापीच्या माशांत नेमका तोच कृमि आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण गोड्या पाण्यांतला मासा, शंखशिंपले आणि माणसाची वस्ती यांचा जेथें निकट संबंध येतो, तेथें असले कृमि वाढण्यास अनुकूल स्थिति असते. मरळीच्या जातीच्या माशांतून तर नॅथोस्टोमा नांवाच्या दुसऱ्या एका कृमीच्या अळ्या माणसाच्या अंगांत शिरून कातडीखालीं फिरत राहिल्याचीं उदाहरणें आशियांतील अनेक देशांत नोंदलेलीं आहेत. तेव्हां नदीच्या माशाच्या बाबतींत ‘ताजा’ हा शब्द फसवा आहे. मासा जितका ताजा, तितक्या त्यांतल्या अळ्याहि ताज्या! खानदेशच्या गृहिणीला कृमिशास्त्र ठाऊक नव्हतें, पण तिची रटरटती कढई तें जाणत होती.

येथें कोणी विचारील, मग जपानी लोकांचें काय? त्यांचा इतिहास पाहिला तर आजीचा ‘रानटी’ हा आक्षेप टिकत नाहीं, आणि नातवाचें ‘ताजा असला म्हणजे झालें’ हेंहि टिकत नाहीं. सुशीचें मूळ रूप म्हणजे मुळीं कच्चा ताजा मासाच नव्हे. आग्नेय आशियांतील भातशेतीच्या प्रदेशांत मासा मीठ लावून शिजलेल्या भातांत दाबून ठेवण्याची युक्ति निघाली आणि तीच पुढें जपानांत गेली, असें अभ्यासक मानतात. भात आंबतो, त्या आंबटपणानें मासा टिकतो. मग भात टाकून देऊन मासा खावयाचा. बिवा नांवाच्या जपानांतील मोठ्या सरोवराकांठीं अजूनहि अशी सुशी करितात. सरोवरांतली मासळी आधीं कित्येक महिने मिठांत राहते, मग वर्षभर किंवा त्याहून अधिक भातांत. ज्वारी आंबवून बिबडे घालणाऱ्या जळगांवच्या बायकांना ही कल्पना परकी वाटूं नये. आंबट करून, वाळवून, मिठांत घालून जिन्नस पुरवावयाचा, हें शास्त्र त्यांच्या गच्चीवर दर उन्हाळ्यांत चालतेंच.

पुढें भात फार काळ आंबविण्याऐवजीं त्याला शिरका लावण्याची रीति आली, आणि १८२० नंतरच्या दशकांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, हातानें दाबलेली आजची सुशी पुढें आली. तिचें श्रेय सामान्यतः हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. तेव्हां बर्फ नव्हता. म्हणून कोणता मासा शिरक्यांत बुडवावयाचा, कोणता सोयाच्या रसांत मुरवावयाचा, कोणता उकडावयाचा, हें ठरलेलें असे. कोळंबी तर उकडूनच बसवीत. साल्मन मासा, जो आज सुशीचा राजा समजला जातो, तो त्या काळीं जपानांत कोणी कच्चा खात नसे, कारण त्यांत कृमि असतात हें कोळ्यांना ठाऊक होतें. तो कच्चा खाण्याची चाल पडली ती १९८५ नंतर, नॉर्वे देशानें आपल्या पिंजऱ्यांत वाढविलेला, तयार खाद्यावर पोसलेला साल्मन जपानांत खपविण्याची मोहीम काढली तेव्हां. आणि सर्वांत बोलकें उदाहरण सापासारख्या लांबट गोड्या पाण्याच्या माशाचें. आपल्या वांबीची आठवण करून देणारा हा मासा जपानी लोक मोठ्या आवडीनें खातात, पण नेहमीं निखाऱ्यावर भाजून. त्याचें कच्चें रक्त विषारी असतें. कच्च्या माशासाठीं प्रसिद्ध असलेला देशहि नदीच्या माशासमोर चूल पेटवितो!

युरोपांतहि हीच कथा. हॉलंडांत कच्च्या हेरिंग माशाची मोठी चैन आहे; लोक शेपटी धरून तो उभ्या उभ्या खातात. १९६० च्या सुमारास तेथें हा मासा खाणाऱ्यांच्या आंतड्यांत अनिसाकिस नांवाचा समुद्री कृमि सांपडूं लागला. तेव्हां सरकारनें १९६८ सालीं नियम केला कीं, असा मासा आधीं गोठविल्याशिवाय विकूं नये. आज अमेरिकेंतील नियम कच्च्या खाण्याच्या माशासाठीं उणें २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणें ३५ अंशाला घट्ट गोठवून पंधरा तास ठेवण्यास सांगतो. म्हणजे मोठमोठ्या शहरांतील उंची उपाहारगृहांत जो ‘ताजा’ कच्चा मासा मिळतो, त्यांतील पुष्कळसा एकदां दगडासारखा गोठलेला असतो. चुलीचें काम तेथें बर्फ करितो. चूल नाहींशी झालेली नसते, तिचें रूप पालटलेलें असतें.

आमच्या देशांत मात्र हा बर्फ फार उशीरां आला, आणि खानदेशांत त्याहून उशीरां. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून जहाजांत भुसा भरून आणलेला बर्फ कलकत्त्याला उतरला, आणि पुढें मुंबईंतहि बर्फघर झालें. पण तो साहेबांच्या आणि धनिकांच्या पेल्यांत पडण्यापुरता. तेव्हां समुद्राचा मासा खानदेशांत आला तो बर्फावर बसून नव्हे. तो आला उन्हाच्या पाठीवर. वसई, अर्नाळा, सातपाटी, उत्तन येथील कोळी बोंबील बांबूंच्या मांडवावर टांगून वाळवितात. त्याच्या अंगांत पाणीच फार, म्हणून मिठाशिवाय केवळ वाऱ्या-उन्हानें तो खडखडीत होतो. जवळा, सोडे, सुकट हीं त्याचींच भावंडें. १८६० नंतर मुंबईची आगगाडी भुसावळपर्यंत आली. १९०० च्या सुमारास चाळीसगांवहून धुळ्याला फांटा गेला, आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्यांतून अमळनेरपर्यंत रूळ पडले. कापूस खालीं जाऊं लागला. वाळवलेल्या मासळीच्या पाट्यांनाहि वर येण्याची वाट सोपी झाली. आठवड्याच्या बाजारांत आजहि तिचा कोपरा वासावरून सांपडतो. ज्यांच्या घरीं नदीचा मासा येत नसे त्यांनाहि चिमूटभर सुकट भाकरीबरोबर चव देऊन जाई. गरिबाच्या पानाला समुद्र शिवला तो असा.

आज जळगांव मुंबईहून आगगाडीनें सुमारें ४२० किलोमीटर आहे, आणि मे महिन्यांत जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. गाड्या थंड झाल्या, शीतगृहें झालीं, हें खरें. पण मासा समुद्रांतून निघाल्यापासून घरच्या ताटापर्यंत एका ठिकाणींहि तापला, तर साखळी तुटली. कुपा आणि बांगडा या जातींच्या माशांत तर असा ताप लागला कीं हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें तोंड लाल होतें, डोकें भणभणतें, अंगावर गांधी उठतात. आणि तें द्रव्य एकदां झालें कीं शिजवूनहि जात नाहीं, गोठवूनहि जात नाहीं. घरच्या शीतपेटीचा बर्फाचा कप्पा सामान्यतः उणें १८ अंशांचा, आणि दिवसांतून दहा वेळां उघडला जाणारा. त्यावर कृमि मारण्याची भिस्त ठेवूं नये.

म्हणून ज्या घरांत ही हौस करावयाचीच असेल तेथें आमचें सांगणें स्पष्ट आहे. नदीचा, तळ्याचा, धरणाचा मासा, मग तो डोळ्यांदेखत जाळ्यांतून निघालेला असो, कच्चा खाऊं नये. त्याला लिंबू लावून ‘शिजला’ असें मानूं नये. समुद्राचा मासा कच्चा खावयाचा तर तो त्याच कामासाठीं वर सांगितल्याप्रमाणें गोठविलेला आहे असें विकणाऱ्यानें लिहून दिलेलें असावें, आणि तो शीतपेटींतच हळूहळू सुटूं द्यावा. गोठविण्यानें कृमि मरतात, जंतु मरत नाहींत. तेव्हां पाटा-सुरी वेगळी, हात स्वच्छ, आणि केलेला पदार्थ त्याच बसण्याला संपविलेला. गर्भिणी, लहान मुलें आणि वृद्ध यांच्या पानांत तो वाढूं नये. रावसाला कित्येक खाणावळींत ‘इंडियन साल्मन’ म्हणतात. तो साल्मन नव्हे, आणि नांवावरून त्याला कच्चें खाण्याची परवानगी मिळत नाहीं. एवढ्या अटी पाळणें ज्यांना जड वाटेल त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. इंद्रायणीचा चिकट भात, शिरका, काकडी, उकडलेली कोळंबी, अंड्याची पोळी एवढ्यांत सुशीचा मोठा भाग येतो, आणि तोहि अस्सल जपानी रीतीचा. एका घरीं तर भाजलेल्या भरताच्या वांग्याची पट्टी भातावर ठेविलेली आम्हीं पाहिली. ती खाऊन पाहण्याचा मोह आवरला नाहीं, आणि आवरला नाहीं हें बरेंच झालें.

येथपर्यंत पोटाचा विचार झाला. पण आणखी एक विचार आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे मासा पुरवून खाण्याचा. कच्च्या माशाची चैन जगभर पसरली तेव्हां तिचा भार कोणावर पडला? १९७२ सालीं कॅनडाच्या किनाऱ्यावरचा मोठा कुपा विमानांतून तोकियोच्या बाजारांत नेऊन विकण्यांत आला. तोंपर्यंत त्या किनाऱ्यावर तो मासा धरून पुरून टाकीत किंवा जनावरांना घालीत. विमानाची वाट सुरू झाली आणि दोनतीन दशकांत अटलांटिकांतला तो जातिवंत मासा नाहींसा होतो कीं काय अशी भीति पडली. मग राष्ट्रांनीं एकत्र बसून पकडीवर कडक मर्यादा घातल्या, आणि २०२१ सालीं निसर्गसंरक्षण-संघानें तो धोक्याच्या यादींतून खालीं उतरविला. मर्यादा घातली कीं मासा परत येतो, हें या उदाहरणानें दिसलें.

आपल्या किनाऱ्यावर मर्यादेची कल्पना नवी नाहीं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होडी न लोटणें ही कोळ्यांची जुनी चाल. त्यानंतर सरकारी बंदी आली, ती १ जून ते ३१ जुलै अशी. २०२३ सालीं महाराष्ट्रानें ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, कीं त्याहून लहान मासा धरूं नये. त्याच वर्षीं पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. पण बाजारांत तळहाताएवढीं पापलेटें मांडलेलीं असतात तोंवर हा मान कागदावरचाच. जळगांव-धुळ्याच्या गृहिणीच्या हातीं कायदा नाहीं, परंतु तळहातापेक्षां लहान मासा परत ठेवणें तिच्या हातीं आहे. देशांतल्या देशांत चांगल्या रीतीनें धरलेला कुपा हवा असेल तर लक्षद्वीपाकडे पाहावें. मिनिकॉयचे कोळी लहान आमिषमासे टाकून एकेक मासा गळानेंच उचलतात. तळ खरवडणारें जाळें तेथें लागत नाहीं. आणि गंमत अशी कीं तेहि तो कच्चा खात बसत नाहींत. उकडून, धुरांत धरून, उन्हांत वाळवून त्याचें ‘मासमीन’ करितात.

पण समुद्राचें बोलतां बोलतां घरची नदी विसरूं नये. खानदेशाला वांटून, पुरवून घेणें कोणीं शिकवावें असें नाहीं. पांझरा, मोसम, कान या नद्यांवरचे फड-बंधारे कित्येक शतकांचे. पाटकऱ्यानें पाणी सोडावें, जागल्यानें राखण करावी, आणि कोणत्या फडाला कोणतें पीक हें सर्वांनीं मिळून ठरवावें, ही व्यवस्था साक्रीकडे पिढ्यान् पिढ्या चालली. पाण्यासाठीं जें केलें तें पाण्यांतल्या जिवासाठीं मात्र फारसें कोणीं केलें नाहीं. झाडपाल्याचें विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानें बंदी झाली; चोरून तें पुढेंहि चालत राहिलें. पहिल्या पुरांत अंड्यांनीं भरलेले मासे उलट्या धारेनें वर चढतात, त्या वेळीं त्यांना ओंजळींनीं धरणें हा तर सर्वत्र खेळच समजला जातो. त्या एका ओंजळींत पुढच्या वर्षाचा डोह असतो.

आणि मग भिंती आल्या. गुजराथेंत काकरापार, त्याच्यावर १९७२ सालीं उकाई. खानदेशांत गिरणा आणि हतनूर, पुढें प्रकाशा आणि सारंगखेडें. या धरणांनीं उसाला आणि केळीला पाणी दिलें, शहरांची तहान भागविली. त्यांचा उपकार कोणी नाकारीत नाहीं. पण जो मासा समुद्रांतून नदींत चढतो किंवा नदींतून समुद्राकडे उतरतो, त्याला तापीची वाट बंद झाली. धरणांत जो मासा आज वाढतो तो बहुतांशी रोहू, कटला, मृगळ, म्हणजे गंगेच्या खोऱ्यांतला पाहुणा. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी यांनीं ओरिसांत अंतःस्रावाचें टोचण देऊन या माशांकडून तळ्यांत अंडीं घालविलीं, आणि तेव्हांपासून त्यांचें बीज मागाल तितकें मिळूं लागलें. त्या शोधानें लाखो लोकांच्या पानांत मासा आला. भोयांच्या सहकारी संस्था आज असलेंच बीज विकत घेऊन जलाशयांत सोडतात, आणि त्यावर त्यांची चूल पेटते. त्यांचा मासा घेणें हें आमच्या मतें दूरचा गोठविलेला साल्मन घेण्यापेक्षां केव्हांहि चांगलें. मात्र तो काळ्या मसाल्यांत.

देशी माशांची नांवें तर शास्त्राच्या पुस्तकांत उरलीं आहेत. मुंबई सरकारच्या नोकरींत असलेल्या कर्नल साइक्स यानें १८३८ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला, तेव्हां त्यानें लॅटिन नांवांत मराठी शब्दच बसविले: खुदरी, कोळस, शिंगटी, टाकरी. त्याचें क्षेत्र मुख्यतः भीमेचें आणि मुळामुठेचें खोरें. तापीकडे असें कोणीं प्रेमानें पाहिलें नाहीं. त्यांतल्या खुदरीचें, म्हणजे आपल्या मोठ्या खवल्याच्या महसीर माशाचें नशीब थोडें बरें निघालें. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकांठीं टाटांच्या वीजकंपनीनें १९७० नंतर त्याची पैदास सुरू केली, आणि तेथील पिलें देशांतल्या पुष्कळ पाण्यांत सोडलीं गेलीं. जपानांत बिवा सरोवराकांठच्या शेतकऱ्यांनींहि सुशीचा मासा कमी झाला तेव्हां आपल्या भातखाचरांत पाणी चढवून त्याच्या अंड्यांना जागा करून दिली. परदेशी माशांनीं त्याची पिलें फस्त केल्यावर हा उपाय सुचला. हतनूरच्या फुगवट्याला लागून किंवा पांझरेच्या एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर मरळीसाठीं, वांबीसाठीं, कोळशीसाठीं अशी जागा राखतां येईल. पाटकरी अजून गांवांत आहेत, आणि डोह कोणता खोल तें भोयांना ठाऊक आहे.